बावीस वर्षं झोपलेलं इंजिन

सदर : पाना-पक्कड

दोस्तांनो, गेल्या आठवड्यात आपण शिवणयंत्राच्या पोटात डोकावलो होतो. त्यानंतर सातवीतल्या एका वाचकाचं पत्र आलं. तो लिहितो, "आमच्या पडवीत आजोबांची जुनी स्कूटर उभी आहे. दहा वर्षांत कुणी हात लावलेला नाही. मी किक मारून बघू का?"

बाळा, एका शब्दात उत्तर देतो : थांब!

का थांब, हे सांगायला आज एका ट्रकची गोष्ट सांगतो. स्कूटर असो नाहीतर ट्रक, फार दिवस बंद पडून राहिलेल्या इंजिनाला उठवायचे नियम जवळजवळ सारखेच असतात.

माझी धाकटी बहीण फलटण तालुक्यात, नीरा उजव्या कालव्याच्या काठच्या एका गावात राहते. तिच्या घरामागे चिंचेचं झाड आहे आणि झाडापलीकडे पत्र्याची शेड. त्या शेडमध्ये तिच्या सासऱ्यांचा ट्रक उभा होता. १९६७ सालचा टाटा-मर्सिडीझ!

तुम्ही म्हणाल, टाटा आणि मर्सिडीझ एकत्र कसे? त्याचं असं झालं. १९४५ साली जमशेदपूरला टेल्को ही कंपनी निघाली. सुरुवातीला ती रेल्वेची इंजिनं बनवायची. १९५४ साली तिने जर्मनीच्या डाइम्लर-बेंझ कंपनीशी करार केला आणि जमशेदपुरात ट्रक तयार होऊ लागले. हा करार १९६९ पर्यंत, म्हणजे पंधरा वर्षं चालला. त्या काळातल्या ट्रकांच्या नाकावर तीन टोकांची चांदणी असे. हीच टेल्को पुढे टाटा मोटर्स झाली.

तर या चांदणीवाल्या ट्रकने ऊस वाहिला, गूळ वाहिला, कांदा वाहिला. २००२ च्या दसऱ्याला आजोबांनी त्याची पूजा केली, शेडमध्ये लावला आणि चावी खुंटीला अडकवली. "पुढच्या वर्षी काम काढू," असं ते दरवर्षी म्हणत राहिले. २०१९ मध्ये आजोबा गेले. चावी खुंटीलाच राहिली.

२०२४ च्या फेब्रुवारीत माझ्या भाऊजींनी ठरवलं, पाडवा झाला की ट्रक भंगारात द्यायचा. भंगारवाला येऊन बघूनही गेला. तेव्हा नववीत असलेल्या माझ्या भाचीचा मला फोन आला.

"मामा, एकदा तरी सुरू करू या ना! मी त्याचा आवाज कधीच ऐकलेला नाही."

भाऊजी म्हणाले, "बघा बुवा. पाडव्यापर्यंत सुरू झाला तर ठेवू. नाही झाला तर जाऊ दे."

म्हणजे हातात रविवार उरले सहा.

पहिला रविवार : फक्त बघायचं

आमच्या मदतीला गावातले मिस्त्री होते. वय सत्तरीच्या पुढे. तरुणपणी याच ट्रकवर क्लीनर होते, पुढे गॅरेज काढलं. भाची नवी बॅटरी लावायची म्हणून आधीच तयार! एका हातात चावी, दुसऱ्या हातात मोबाईल.

"मिस्त्रीकाका, सेल मारायचा का?"

मिस्त्रींनी तिच्या हातातली चावी घेतली आणि परत खुंटीला लावली. "पोरी, आज बॅटरीबी नाय आन चावीबी नाय. आज नुसतं बघायचं."

मग आम्ही बघितलं. काय काय सापडलं माहीत आहे? सायलेन्सरच्या तोंडात गवत आणि पिसं. हवेच्या गाळणीत, म्हणजे एअर क्लीनरमध्ये, कुंभारीण माशीची मातीची घरटी. उंदरांनी कुरतडलेल्या वायरी. फॅन बेल्टला बोटभर भेगा.

आता विचार करा. त्या दिवशी सेल मारला असता तर इंजिनाने पहिलाच श्वास घेताना ती माती आत ओढली असती. उघड्या वायरी एकमेकींना चिकटून पेट घेतला असता, तो वेगळाच. म्हणून पहिला नियम : आधी डोळे, मग हात, चावी सगळ्यात शेवटी.

मग चेंबरचा बोल्ट काढला. चेंबर म्हणजे इंजिनाच्या तळाची ऑईलची परात. मी भाचीला विचारलं, "सांग, आधी काय येईल?"

"ऑईल! दुसरं काय?"

आलं पाणी! साधारण अर्धा कप. त्याच्या मागून काळं, डांबरासारखं ऑईल. पाणी ऑईलपेक्षा जड, त्यामुळे ते तळाशी बसतं. पण आलं कुठून? दिवसा इंजिनातली हवा तापते, रात्री गार होते आणि हवेतलं बाष्प थंड लोखंडावर दव होऊन बसतं. बावीस वर्षं रोज थोडं थोडं. सकाळी सायकलच्या हँडलवर दव दिसतं ना, तसंच. ऑईल दुधाळ झालेलं नव्हतं, हे मात्र चांगलं लक्षण. दुधाळ असतं तर ऑईल आणि पाणी खूप घुसळलं गेलंय असा अर्थ झाला असता. मग रेडिएटरचं पाणी गॅस्केटमधून आत येतंय का, ही शंका घ्यावी लागते.

जुनं ऑईल काढलं, ऑईलची गाळणी बदलली, नवं ऑईल भरलं. दिवस संपला.

दुसरा रविवार : इंजिन हलत नाही

डिझेल इंजिनात पेट्रोलच्या इंजिनासारखी ठिणगी नसते. पिस्टन सिलिंडरमधली हवा जवळजवळ विसाव्या भागाएवढ्या जागेत दाबतो. दाबलेली हवा तापते, इतकी की आत डिझेलचा फवारा आला की तो आपोआप पेटतो! रुडॉल्फ डिझेल या जर्मन इंजिनिअरने १८९७ साली आउग्सबुर्गला असं इंजिन चालवून दाखवलं. आजोबांच्या ट्रकमध्ये अशी सहा सिलिंडर. डिझेलचा फवारा मारणाऱ्या नळ्यांना गॅरेजात नोझल म्हणतात. नोझलही सहा.

मिस्त्रींनी सहाही नोझल काढले. दाबलेली हवा भोकांतून निघून जाणार, म्हणजे इंजिन हाताने फिरवायला हलकं. मग इंजिनाच्या पुढच्या पुलीच्या बोल्टला लांब दांड्याचा पाना लावला आणि हलकेच ओढला.

इंजिन तसूभर हललं नाही. जाम!

भाचीचा चेहरा उतरला. भाऊजी शेडच्या दारात उभे होते. ते म्हणाले, "ट्रॅक्टर जोडू का पुढं? गियरमध्ये टाकून ओढू. एका झटक्यात सुटेल."

मी जवळजवळ ओरडलोच, "नको!"

का ओरडलो, ते सांगतो. ही माझ्या स्वतःच्या मूर्खपणाची गोष्ट आहे. १९८४ साल. मी चौदा वर्षांचा होतो. आमच्या विहिरीवर पाच हॉर्सपॉवरचं डिझेल इंजिन होतं, मोठी दोन चाकं असलेलं. नवी मोटर बसवल्यावर ते दोन वर्षं तसंच पडून होतं. माघात नेमकी मोटर जळली आणि गव्हाला पाणी द्यायचं होतं. वडील तालुक्याला गेलेले. मी आणि माझ्या चुलतभावाने ठरवलं, आपण इंजिन सुरू करून ठेवू, बाबा खूश होतील!

चाक हलेना. आम्ही हँडलला लांब पाइप घातला आणि दोघं त्यावर लोंबकळलो. "कट्!" असा आवाज आला आणि चाक सुटलं. आम्ही टाळ्या वाजवल्या. इंजिन सुरूही झालं. दहा मिनिटं चाललं. मग निळा धूर ओकायला लागलं, दम तुटल्यासारखं झालं आणि बंद पडलं ते पडलंच.

तो "कट्" म्हणजे काय होता? पिस्टनला लोखंडी रिंगा असतात. त्या गंजून सिलिंडरच्या भिंतीला चिकटल्या होत्या. आम्ही जोर लावला तेव्हा एक रिंग मोडली. मोडलेल्या तुकड्यांनी दहा मिनिटांत सिलिंडरची गुळगुळीत भिंत खरवडून काढली. लायनर नवा, पिस्टन नवा, रिंगा नव्या. पैसे जमेपर्यंत तीन आठवडे गेले. गहू तीन आठवडे थांबत नाही.

वडील मला रागावले नाहीत. ते बांधावर उभे राहून पिवळ्या पडत चाललेल्या गव्हाकडे बघत होते. रागावले असते तर बरं झालं असतं, असं मला आजही वाटतं.

ही गोष्ट मी शेडमध्ये सांगितली. भाऊजींनी ट्रॅक्टरचा विषय सोडून दिला. मिस्त्री म्हणाले, "लोखंडाला घाई कळत नाय. तेल कळतं."

मग आम्ही डिझेल आणि इंजिन ऑईल समसमान घेऊन एकत्र केलं आणि नोझलच्या भोकांतून प्रत्येक सिलिंडरमध्ये चारचार चमचे सोडलं. जास्त नाही! ते हळूहळू झिरपत रिंगांपर्यंत जातं आणि गंजाची पकड सैल करतं. भोकांवर स्वच्छ फडकी झाकली, नोझल तपासायला फलटणला पाठवले आणि घरी गेलो.

गंमत म्हणजे सहाच्या सहा सिलिंडरला सारखा गंज नसतो. सहा सिलिंडरचं इंजिन कुठेही थांबलं तरी त्यातल्या काही सिलिंडरचे व्हॉल्व्ह उघडेच राहतात. त्या दारांतून बाहेरची दमट हवा आत येते आणि नेमकी तीच सिलिंडर जास्त गंजतात. दारं बंद असलेली बऱ्यापैकी शाबूत. फलटणचा भाग कोरडा, म्हणून आमचं बरंच वाचलं. हाच ट्रक कोकणात उभा असता तर गोष्ट वेगळी झाली असती.

तिसरा रविवार : टाकीतला चिखल

पाना पुन्हा लावला. हललं नाही. पुन्हा चारचार चमचे तेल.

आता वाट बघायची म्हणजे हात बांधून बसायचं नाही! त्या दिवशी डिझेलची टाकी उतरवली. झाकण उघडलं तर जुन्या रंगाच्या डब्यासारखा उग्र वास. फार दिवस ठेवलेलं डिझेल खराब होतं, त्यात चिकट राळ धरते. तळाला पाणी साचतं, आणि पाणी-डिझेल जिथे भेटतात तिथे सूक्ष्म जीव वाढतात. खरंच! डिझेलवर जगणारे जीव असतात. त्यांचा काळा, बुळबुळीत गाळ तळाला होता. तो नळीतून पुढे गेला असता तर पंप आणि नोझल दोन्ही तुंबले असते. टाकी धुऊन वाळवली, डिझेलच्या गाळण्या नव्या घातल्या, कडक झालेल्या रबरी नळ्या बदलल्या.

रेडिएटरमध्ये पाणी भरलं आणि आठवडाभर तसंच ठेवलं. पुढच्या रविवारी चेंबरचा बोल्ट किंचित सैल करून बघायचं. पाणी ठिबकलं तर समजायचं, आत कुठेतरी गळतंय.

चौथा रविवार : बोटभर

बोल्ट सैल केला. नुसतं ऑईल! पाणी नाही.

पाना लावला. मिस्त्रींनी ओढला... आणि थोडासा मागे ढकलला... पुन्हा ओढला. भाची पुलीवर खडूने खूण करून बसली होती.

"मामा! खूण सरकली!"

बोटभर सरकली होती. मिस्त्रींनी जोर वाढवला नाही. बोटभर पुढे, बोटभर मागे, मध्ये थोडं तेल. तासाभरात पाव फेरा. दुपारी भाकरी खाऊन आलो आणि चार वाजता पहिला पूर्ण फेरा झाला. मग दुसरा. डिझेल इंजिनाचं एक आवर्तन दोन फेऱ्यांत पुरं होतं, म्हणून निदान दोन फेरे अडथळ्याशिवाय व्हायला हवेत.

वरचं टॅपेट कव्हर काढून भाची व्हॉल्व्ह बघत होती. सहा सिलिंडर, प्रत्येकाला दोन, म्हणजे बारा व्हॉल्व्ह. खाली जाऊन वर येतात का, हे तिने एकेक मोजलं. अकरा आले. एक खालीच अडकला! मिस्त्रींनी लगेच फिरवणं थांबवलं. अडकलेल्या व्हॉल्व्हवर पिस्टन आदळला तर व्हॉल्व्ह वाकतो. तेल सोडून, लाकडी दांड्याने हलकेच टिचक्या मारून तो मोकळा केला. हा तिने मोजला नसता तर काय झालं असतं, ते मी तुम्हाला सांगायला नको.

आणखी एक धोका. सिलिंडरमध्ये तेल साचलेलं असताना नोझल लावून सेल मारायचा नाही. हवा दाबली जाते, तेल दाबलं जात नाही. पिस्टन वर येतो, तेल जागा देत नाही आणि दांडा, म्हणजे कनेक्टिंग रॉड, वाकतो. म्हणून नोझल बाहेर ठेवूनच इंजिन फिरवून सगळं जादा तेल बाहेर उडवलं. उडणाऱ्या तेलासमोर तोंड न्यायचं नाही, हे वेगळं सांगायला नकोच.

पाचवा रविवार : बंद कसं करायचं?

"आता सुरू करू या ना?" भाचीने विचारलं.

मिस्त्रींनी उलट प्रश्न केला, "सुरू करशील. पन बंद कसं करशील?"

"चावी फिरवून!"

इथेच बहुतेकांची चूक होते, बरं का. जुन्या डिझेल इंजिनात ठिणगीच नाही, मग चावी बंद करून काय होणार? डिझेल मिळतंय तोवर ते चालणार. डिझेल किती सोडायचं हे पंपातली एक पट्टी ठरवते. तिला रॅक म्हणतात. इंजिन थांबलेलं असताना स्प्रिंग या रॅकला भरपूर डिझेलच्या बाजूला ढकलून ठेवते. ती तिथेच चिकटली असेल तर सुरू होताच इंजिन वेग घेत जातं, घेत जातं, आणि शेवटी फुटतं. अशा इंजिनाजवळ उभं राहणं जिवावरचं काम.

मिस्त्रींनी पंपाचं बाजूचं झाकण उघडलं. रॅक चिकटलेलीच होती! तेल सोडून, बोटाने हलकेच मागेपुढे करून ती लोण्यासारखी सरकेपर्यंत त्यांनी हात थांबवला नाही. 'स्टॉप'ची तार ओढली की रॅक पूर्ण बंद होते का, हे दहादा पाहिलं. शिवाय एका फळीला रबर ठोकून ठेवलं. काही बिघडलंच तर हवेच्या तोंडावर फळी दाबायची. हवा बंद, इंजिन बंद. तिथे हात किंवा फडकं कधीच लावायचं नाही, इंजिन ते आत ओढतं.

उरलेल्या वेळात वायरी बदलल्या, नवा फॅन बेल्ट घातला, सायलेन्सर आणि एअर क्लीनर साफ केले.

सहावा रविवार : ७ एप्रिल २०२४

पाडव्याला दोन दिवस होते. चाकांना दगड लावले, गियर न्यूट्रल आहे याची खात्री केली. धूर विषारी असतो, म्हणून शेडचा मागचा पत्रा काढून सायलेन्सरचं तोंड मोकळ्यावर केलं. वाळूच्या बादल्या आणि आग विझवायचं नळकांडं हाताशी. पंख्यासमोर कुणी उभं राहायचं नाही. आजी ओट्यावर खुर्ची टाकून बसल्या होत्या.

आधी नोझल न लावता, स्टॉपची तार ओढून, दहा सेकंद सेल मारला. यात इंजिन सुरू होणार नव्हतं. मग कशाला मारला? ऑईल वर चढायला! क्रँक फिरतो तो लोखंडावर नाही, ऑईलच्या कागदाहून पातळ थरावर. बावीस वर्षांत तो थर ओघळून गेला होता. कोरडं फिरलं तर बेअरिंग पहिल्या मिनिटातच खरवडलं जातं.

दहा सेकंद. ऑईलच्या गेजचा काटा शून्यावर. एक मिनिट विश्रांती, कारण सेल्फची मोटर तापते. पुन्हा दहा सेकंद. शून्य. पुन्हा विश्रांती. तिसऱ्या वेळी भाची केबिनमधून ओरडली, "काटा हलला!" वर रॉकरवरही ऑईल पाझरलं.

मग तपासून आलेले नोझल बसवले. एअर काढली. डिझेलच्या नळीत हवेचा बुडबुडा राहिला तर पंप हवाच दाबत बसतो, नोझल उघडत नाही. हातपंप मारत राहायचं, स्क्रूपाशी फेस येतो, मग बुडबुडे, मग निव्वळ डिझेलची धार. तेव्हा स्क्रू आवळायचा.

हीटर प्लग तापवले. मिस्त्रींनी खुंटीची चावी भाचीच्या हातात दिली. "आता मार."

घर्र... घर्र... घर्र... पांढरा धूर. थांबा. एक मिनिट.

घर्र... घर्र... धडक्! एक ठोका पडला. थांबा. एक मिनिट. भाऊजींनी घड्याळाकडे पाहिलं.

तिसऱ्यांदा. घर्र... धड... धड-धड... धड-धड-धड-धड! शेडचे पत्रे थरथरले. सायलेन्सरमधून काजळी आणि गंजाची पूड उडाली. चिंचेवरचे कावळे पळाले. भाची किंचाळत होती की हसत होती, ते कळायला मार्ग नव्हता. मिस्त्रींचा एक हात स्टॉपच्या तारेवर, डोळे ऑईलच्या काट्यावर. काटा वर होता.

आम्ही टाळ्या वाजवत होतो, पण ओट्यावर आजी काही हसल्या नाहीत. कान देऊन ऐकत होत्या. मग मला म्हणाल्या, "पाव्हणं, एक ठोका कमी हाय."

मी मिस्त्रींकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली. त्यांनी पाना घेऊन नोझलच्या नळ्यांचे नट एकेक करून थोडे सैल केले. चालू सिलिंडरचा नट सैल केला की आवाज बदलतो, कारण त्याचं डिझेल तुटतं. एक, दोन, तीन, चार... प्रत्येक वेळी आवाज बदलला. पाचव्याला बदललाच नाही! पाचवा सिलिंडर गप्प होता. त्या नळीत हवा अडकली होती. बुडबुडे निघाले, डिझेल आलं, नट आवळला आणि आवाज एकदम भरदार झाला.

(हे काम फक्त मिस्त्रीचं. नोझलचा फवारा इतक्या जोराचा असतो की कातडीतून आत घुसतो. तिथे हात न्यायचा नाही.)

"आता बराबर," आजी म्हणाल्या.

नंतर त्यांनी सांगितलं, आजोबा रात्री उशिरा भाडं टाकून यायचे. कालव्याच्या पुलावर ट्रक वळला की आवाज घरापर्यंत यायचा. तो ऐकून त्या चूल पेटवायच्या. ट्रक दारात येईपर्यंत पहिली भाकरी तव्यावर. तीस वर्षं रोज ऐकलेला आवाज, त्यात एक ठोका कमी असलेला त्यांना कळणार नाही तर कुणाला?

चार मिनिटांनी पाण्याच्या पंपातून धार लागली आणि मिस्त्रींनी तार ओढून इंजिन बंद केलं. भाची म्हणाली, "अजून थोडं!" पण नाही. पहिल्या दिवशी रेस करायची नाही, हट्ट करायचा नाही. गार झाल्यावर पुन्हा सगळं तपासायचं.

पाडवा झाला. भंगारवाला आला. कुजलेल्या फळ्यांचा हौदा आणि फाटके टायर घेऊन गेला. इंजिन, केबिन आणि चांदणी शेडमध्येच राहिली. ट्रकचे कागद कधीच संपलेत, तो रस्त्यावर जाणार नाही. पण पाण्याचा पंप दुरुस्त झालाय, आणि दर महिन्याला एका रविवारी भाची आणि मिस्त्री इंजिन सुरू करतात. आजी ओट्यावर बसून ठोके मोजतात.

आता स्कूटरवाल्या दोस्ता, तुझं उत्तर. घरातल्या मोठ्यांना आणि ओळखीच्या मिस्त्रीला बरोबर घे. जुनं पेट्रोल काढायचं काम त्यांचं, आणि तेही उघड्यावर, आगीपासून लांब. स्पार्क प्लग काढून आत थोडं ऑईल सोडा, एक-दोन दिवस थांबा. प्लग बाहेर ठेवूनच किक हाताने हळू दाबून बघा. मोकळी झाली तर कार्बोरेटर साफ करा, नवं पेट्रोल घाला, टू-स्ट्रोक असेल तर त्यात ऑईल मिसळायला विसरू नका. किक सगळ्यात शेवटी. आणि जाम असेल तर? थांब. तेल घाल. पुन्हा थांब.

करून पाहा

१. सायकलच्या पंपाचं तोंड बोटाने घट्ट दाबून दहा-बारा वेळा जोरात पंप मारा. मग पंपाच्या खालच्या टोकाला हात लावा. गरम लागलं? दाबलेली हवा तापते ती अशी!

२. काचेच्या बाटलीत थोडं पाणी आणि थोडं गोडंतेल घाला. हलवा आणि ठेवून द्या. खाली काय बसलं? चेंबरमधून आधी पाणी का आलं, ते दिसेल.

आईबाबांसाठी दोन ओळी : मुलं जुन्या यंत्रांशी खटपट करतात तेव्हा "हात लावू नको" एवढंच म्हणू नका. जवळ बसा. "आधी काय बघशील?" एवढं विचारा. आणि काही मोडलंच, तर त्याच्याशी बोला. गप्प राहू नका.

पुढच्या आठवड्यात : प्रेशर कुकर शिट्टी का मारतो?